लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, परमवीर चक्र: नाशिकच्या शाळांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की मी नाशिक रोड, देवळाली, सिन्नर या बाजूच्या शाळांत १९६५ च्या भारत-पाक युद्धावर बोलायला जातो. बोलणं संपल्यावर मुलं चिठ्ठ्या देतात, काही पालक रात्री फोनवर प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एकाच गोष्टीबद्दल दोनदा विचारलं असेल, तिथे दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे.

१. तारापोर कोण होते? दोन-तीन वाक्यांत सांगा.

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर हे १७ हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडंट होते. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या सियालकोट आघाडीवर ११ तारखेपासून १६ तारखेपर्यंत त्यांनी ही रेजिमेंट पुढे राहून लढवली. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आलं. तेव्हा त्यांचं वय ४२ होतं.

२. नाव नक्की कसं लिहायचं? तारापोर, तारापूर की तारापोरे?

तारापोर. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ई' असल्यामुळे पुष्कळ जण 'तारापोरे' वाचतात, तसं नको. पलटणीत त्यांना 'आदी' म्हणायचे. आडनाव आलं ते आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूर गावावरून. ते कसं, ते पुढच्या उत्तरात पाहा.

३. त्यांच्या पूर्वजांचा शिवाजी महाराजांशी संबंध होता हे खरं का?

त्यांच्या चरित्रात ही हकिकत कायम येते. रतनजीबा नावाचे त्यांचे पूर्वज महाराजांच्या सैन्यात एका तुकडीचे प्रमुख होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यांतलं मुख्य गाव तारापूर, अशी ती घराण्यातली परंपरा आहे. पुढे आजोबांच्या काळात कुटुंब हैदराबादला गेलं. मी शाळेत हे सांगतो, पण 'घराण्यातली परंपरा' हे शब्द गाळत नाही. तारापोरांची थोरवी त्यांनी स्वतः जे केलं त्यावर उभी आहे.

४. जन्म, शिक्षण, घर?

जन्म मुंबईत, १८ ऑगस्ट १९२३. शाळा पुण्याची. वयाच्या सातव्या वर्षी ते सरदार दस्तुर यांच्या नावाच्या शाळेत वसतिगृहात आले आणि १९४० साली मॅट्रिक झाले. गोवळकोंड्याच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेतून आणि नंतर बंगळूरहून प्रशिक्षण पूर्ण करून १९४२ च्या जानेवारीत हैदराबाद संस्थानाच्या पायदळात सेकंड लेफ्टनंट झाले. घरी पत्नी, एक मुलगी, एक मुलगा.

५. हातबॉम्बचा प्रसंग खरा आहे की नंतर रचलेला?

खरा आहे, आणि मुलांना सगळ्यात जास्त हाच आवडतो. तरुण तारापोरांना पायदळात राहायचं नव्हतं, त्यांचा जीव चिलखती दलात, म्हणजे रणगाड्यांच्या दलात होता. एकदा संस्थानी सैन्याचे प्रमुख मेजर जनरल एल एद्रूस पाहणीला आले होते. जवान जिवंत हातबॉम्ब फेकण्याचा सराव करत होते.

चित्र डोळ्यांसमोर आणा. बॉम्ब फेकणारा ज्या आडोशात उभा राहतो ती जागा अगदी अरुंद असते. पिन निघाली, हातातून बॉम्ब सुटला, की मोजून काही सेकंद. एका नवख्या जवानाचा नेम चुकला आणि बॉम्ब बाहेर जायच्या ऐवजी आतच पडला. तारापोरांनी आत उडी घेतली, बॉम्ब उचलला आणि बाहेर भिरकावला. हातातून सुटताच तो फुटला, कपच्या त्यांच्या छातीत घुसल्या.

बरे झाल्यावर जनरलनी बोलावून कौतुक केलं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली: चिलखती दलात बदली. ती मिळाली आणि ते हैदराबाद लान्सर्समध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात याच पलटणीबरोबर ते पश्चिम आशियात होते.

६. ते निजामाच्या सैन्यात होते. मग रझाकारांचं काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा मराठवाड्यातून नाशिकला आलेल्या घरांतून येतो, आणि तो रागावून विचारला तरी मला त्यात वावगं वाटत नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते दिवस काढले त्यांनी विचारलंच पाहिजे.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. रझाकार ही कासीम रझवीच्या नेतृत्वाखालची सशस्त्र संघटना होती. संस्थानाचं नियमित सैन्य वेगळं होतं. बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर, जोधपूर अशा अनेक संस्थानांची स्वतःची सैन्यं होती, तसंच हेही. तारापोर या नियमित सैन्यातले अधिकारी होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं, १७ तारखेला निजामाने माघार घेतली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरींपुढे शरणागती पत्करली. विलीनीकरणानंतर संस्थानी सैन्यातल्या अधिकाऱ्यांना भारतीय सैन्यात सामावून घेतलं गेलं, त्यात तारापोर १९५१ मध्ये पूना हॉर्समध्ये आले. आणि १९६५ मध्ये ते सियालकोटला लढत होते तेव्हा लष्करप्रमुख कोण होते? तेच जनरल चौधरी. सतरा वर्षांत एवढा पल्ला गाठला गेला. तारापोरांचा हा प्रवास मला फिलोराच्या लढाईइतकाच (उत्तर ९) मोलाचा वाटतो, म्हणून या प्रश्नाला मी कधी बगल देत नाही.

७. पूना हॉर्स म्हणजे घोडदळ का? आणि त्यात पुण्याचीच माणसं असतात का?

मुळात घोडदळच. पेशवाईच्या अगदी अखेरीस, १८१७ साली, पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळापर्यंत तिची मुळं जातात. घोडे जाऊन रणगाडे आले, नाव राहिलं. आज नावात पुणे आहे म्हणून रेजिमेंट पुण्यात असते किंवा त्यात मराठी जवानच असतात असं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीशी तिची गल्लत करू नका, ते पायदळ आहे.

८. ते देवळालीत होते का? आमच्याकडे तसं सांगतात.

देवळाली आणि नाशिक रोड ही तोफखान्याची ठाणी आहेत. देवळालीत तोफखान्याची शाळा, नाशिक रोडला तोफखान्याचं केंद्र. तारापोर चिलखती दलाचे, आणि त्या दलाचं केंद्र व शाळा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. देवळालीत पारशी वस्ती जुनी आहे, तोफांचे आवाज रोजचे आहेत, त्यामुळे पारशी लष्करी अधिकारी म्हटलं की लोक दोन्ही जोडून टाकतात. त्यांना ओढूनताणून नाशिककर करायची गरज नाही. तोफांच्या आवाजात वाढलेल्या आपल्या मुलांना रणगाड्यांची लढाई समजावून सांगता येते, तेवढा धागा पुरेसा आहे.

९. फिलोराला नेमकं काय घडलं?

सियालकोट आघाडीवर भारतीय सैन्याची चढाई ८ सप्टेंबरला सुरू झाली. सैन्याचा मुख्य भार पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनवर होता आणि पूना हॉर्स त्यातच होती.

११ सप्टेंबर. फिलोरा घ्यायचं होतं आणि मुख्य धडक मारायची होती ती पूना हॉर्सला. समोरून न जाता पाठीमागून वार करायचा, म्हणून रेजिमेंट फिलोरा आणि चविंडा या गावांच्या मधून घुसत होती. तेवढ्यात वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या जड रणगाड्यांनी अचानक हल्ला केला. तारापोर तेव्हा रेजिमेंटच्या अग्रभागी होते. त्यांनी हल्ला अंगावर घेतला, जागा सोडली नाही, आणि पायदळाची एक बटालियन सोबत घेऊन एका स्क्वाड्रनने, म्हणजे रेजिमेंटच्या एका तुकडीने, फिलोरावर चाल केली. रणगाड्यांचा आणि तोफांचा मारा एकसारखा चालू होता. त्यात ते जखमी झाले. मागे न्यायला माणसं आली तेव्हा त्यांनी नकार दिला. फिलोरा त्याच दिवशी पडलं.

१४ सप्टेंबर. जखम तशीच, आणि तरी रेजिमेंटच्या पुढे राहून वझीरवाली घेतलं.

१६ सप्टेंबर. जसोरान आणि बुटूर-डोग्रांडी. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा गोळे आदळले. तरी दोन्ही ठिकाणी त्यांनी पाय रोवले, त्यामुळे पायदळाला चविंड्यावर मागून हल्ला चढवायला वाट मिळाली. बुटूर-डोग्रांडीला ८ गढवाल रायफल्सचे जवान लढत होते, त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराद हेही तिथेच पडले. आणि याच दिवशी तारापोरांना प्राणांतिक जखम झाली. त्यानंतरही रेजिमेंट लढतच राहिली, असं त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंदवलं आहे.

मुलं नेहमी विचारतात, 'सर, सगळ्यात शूर क्षण कोणता?' मी त्यांना १२ आणि १३ सप्टेंबर सांगतो. मानपत्रात त्या दोन तारखांबद्दल एक ओळही नाही. जखमी माणसाला परत जायला त्या दोन दिवसांत पुरेसा वेळ होता, कारणही होतं, कुणी नावं ठेवली नसती. १४ तारखेला ते पुन्हा पुढे उभे होते.

१०. पॅटन चांगला की सेंच्युरियन?

हे दोन रणगाडे. पॅटन अमेरिकी आणि त्या काळी नवा, सेंच्युरियन ब्रिटिश, आधीच्या पिढीचा आणि आपल्याकडचा. पाकिस्तानच्या पॅटनचा तेव्हा फार गवगवा होता. तारापोर सेंच्युरियनच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन आले होते, यंत्राची नस त्यांना ठाऊक होती. रणगाड्यात चार माणसं असतात: कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा आणि चालक. या चौघांचे हात किती सरावलेले आहेत यावर निकाल ठरतो, असं १९६५ ने दाखवलं. यंत्रांची जास्त तुलना मी करत नाही.

११. त्यांनी एकट्यांनी ६० रणगाडे उडवले का?

नाही. हे वाक्य फलकांवर सर्रास दिसतं आणि ते चुकीचं आहे. मानपत्र सांगतं की त्यांच्या नेतृत्वाने प्रेरित झालेल्या रेजिमेंटने शत्रूचे अंदाजे साठ रणगाडे नष्ट केले आणि आपले नऊ गमावले. रेजिमेंट म्हणजे साधारण ४५ रणगाडे आणि शेकडो माणसं. साठचा आकडा त्या सगळ्यांचा आहे. एकट्याच्या नावावर घातला तर बाकीच्यांवर अन्याय होतो, आणि तारापोरांनी खरं जे केलं तेही झाकलं जातं: लढणाऱ्या माणसांना सहा दिवस आपला कमांडंट समोर दिसत राहिला.

१२. कमांडंटने इतकं पुढे राहणं शहाणपणाचं असतं का? तो पडला तर सगळंच कोसळेल.

नववीतल्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता. प्रश्न अगदी रास्त आहे.

रणगाड्याची लढाई फार वेगाने हलते. कमांडर बुरुजाच्या, म्हणजे रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागाच्या, झाकणातून डोकं आणि खांदे बाहेर काढून उभा राहतो, कानाला हेडफोन, गळ्यात दुर्बीण. झाकण लावून आत बसला तर काचेच्या बारीक फटींतून दिसतं तेवढंच जग. धूळ, धूर, आगीचे लोळ यांत आपले कुठे आणि परके कुठे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. चिलखती दलात म्हणून अधिकारी डोकं बाहेर ठेवून लढतात आणि त्याची किंमतही मोजतात. ११ तारखेला बाजूने हल्ला आला तेव्हा तारापोर मागे नकाशावर असते तर बातमी पोचून हुकूम सुटेपर्यंत घास गिळला गेला असता.

आणि ते पडल्यावर रेजिमेंट कोसळली नाही. ती तशी घडवणं हेही त्यांचंच काम होतं.

१३. चविंडा जिंकलं का?

नाही. फिलोरा जिंकलं, चविंडा हाती आलं नाही. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. काही शिक्षक मला हा भाग वगळायला सांगतात, मुलांचा उत्साह जाईल म्हणून. मी वगळत नाही. मोहीम अर्धी राहिली म्हणून त्यात लढलेल्यांचं शौर्य अर्धं होत नाही, आणि मुलांना हे कळतं.

१४. त्यांची शेवटची इच्छा काय होती?

त्यांनी लढाईच्या दिवसांतच आपल्या सहकारी अधिकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. मी पडलो तर अंत्यसंस्कार रणभूमीवरच करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, हातातलं कडं आणि फाउंटन पेन मुलाला.

एवढंच. जमीन-जुमला नाही, निरोपाचं भाषण नाही. अंगावर आणि खिशात जे होतं ते माणसागणिक वाटून दिलं. हा भाग मी वर्गात वाचतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा स्वतःच्या पेनाकडे बघतात.

१५. पारशी असून अग्निसंस्कार कसा? आमच्या ओळखीचे देवळालीतले पारशी काका म्हणतात तसं होत नाही.

काका बरोबर सांगतात. पारशी धर्मात अग्नी पवित्र, म्हणून मृतदेह अग्नीला देत नाहीत, परंपरा दख्म्याची, म्हणजे मृतदेह उघड्या मनोऱ्यात ठेवण्याची आहे. तारापोरांचा अग्निसंस्कार झाला तो त्यांनी स्वतः मागितला म्हणून (उत्तर १४). जसोरानला, लढाई झाली त्याच भूमीवर, सैनिकी इतमामात तो झाला. यावरून ते धर्म मानत नव्हते असा अर्थ कुणी काढू नये. प्रार्थनेचं पुस्तक रणांगणापर्यंत सोबत होतं, आणि वाटणीत पहिलं नाव त्याचंच आलं.

१६. त्यांच्या समाधीला भेट देता येते का?

नाही. जसोरान पाकिस्तानात आहे. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर दोन्ही सैन्यं युद्धाआधीच्या जागी परतली. भेट कुठे देता येईल ते उत्तर २१ मध्ये पाहा.

१७. कुठे ११ सप्टेंबर लिहिलेलं असतं, कुठे १६. कार्यक्रम कधी करायचा?

परमवीर चक्राच्या याद्यांत त्यांच्या नावापुढे ११ सप्टेंबर १९६५ दिसतं, कारण मानपत्रातली कामगिरी त्या दिवशी सुरू होते. वीरमरण १६ सप्टेंबरचं. स्मृतिदिन १६ लाच करा. दुसऱ्या दिवशी १७ असल्यामुळे काही शाळा दोन्ही दिवस जोडून घेतात. उत्तर ६ लक्षात घेतलं तर ते जुळतंही छान.

१८. शहीद म्हणावं की हुतात्मा?

सैन्याच्या कागदपत्रांत 'शहीद' हा अधिकृत शब्द नाही. मराठीत 'हुतात्मा' म्हटलं की आपल्याला स्वातंत्र्यलढ्यातली आणि संयुक्त महाराष्ट्रातली माणसं आठवतात. रणांगणात लढताना पडलेल्यासाठी आपल्याकडे 'धारातीर्थी पडले' हा जुना आणि नेमका शब्द आहे: शस्त्राची धार हेच तीर्थ. मी तोच वापरतो. कुणी 'शहीद' म्हटलं म्हणून मी त्यांना टोकत नाही.

१९. परमवीर चक्र दिसतं कसं? ते एका मराठी बाईंनी घडवलं म्हणतात.

कांस्याचं, वर्तुळाकार, सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचं. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, जांभळी फीत. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ती ही कल्पना.

घडवलं सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, मेजर जनरल विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्याच झाल्या, संस्कृत आणि मराठी शिकल्या. पदक सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला. आजवर २१ जणांना मिळालं, त्यांतले १४ मरणोत्तर. त्या यादीत लेफ्टनंट कर्नल हुद्द्याचे तारापोर एकटेच, बाकी सगळे त्याखालच्या हुद्द्यांचे. १९६५ च्या युद्धात दोनच परमवीर: ते आणि ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद.

२०. अरुण खेत्रपाल आणि तारापोर एकाच रेजिमेंटचे का?

हो, दोघेही पूना हॉर्सचे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १९७१ च्या युद्धात १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत ते पडले, वय २१. सहा वर्षांत एका रेजिमेंटला दोन परमवीर चक्रं मिळाली. नावं आणि फोटो मात्र अदलाबदल करू नका. एका शाळेत तारापोरांच्या नावाखाली अब्दुल हमीद यांचा भलामोठा फोटो लावलेला पाहिला. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण मला बोलायला उभं राहणं जड गेलं.

२१. नाशिकहून सहल काढून काय पाहता येईल?

सगळ्यात सोपं म्हणजे अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय, एका दिवसात जाऊन येता येतं. उघड्यावर ओळीने उभे असलेले रणगाडे आहेत, त्यांत पॅटनही दिसतो. मुलांना रणगाड्याच्या पट्ट्याशेजारी उभं करा, उंची कळू द्या. मग उत्तर १२ वाचून दाखवा. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय युद्ध स्मारकात परम योद्धा स्थळावर सर्व २१ परमवीरांचे अर्धपुतळे आहेत. अंदमानातल्या एका बेटाला २३ जानेवारी २०२३ रोजी तारापोरांचं नाव दिलं गेलं.

२२. मुलींना चिलखती दलात जाता येतं का?

नाशिकमध्ये मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाल्यापासून हा प्रश्न दर वेळी येतो. चिलखती दल आणि पायदळ अजून मुलींसाठी खुलं नाही. तोफखान्यात मात्र २०२३ पासून महिला अधिकारी आहेत, आणि तोफखान्याची शाळा तुमच्या देवळालीतच आहे.

२३. फलकावर काय लिहावं?

एवढं पुरे: 'लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, परमवीर चक्र (मरणोत्तर). कमांडंट, १७ हॉर्स (पूना हॉर्स). जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. वीरमरण १६ सप्टेंबर १९६५, बुटूर-डोग्रांडी, सियालकोट आघाडी.' साठ रणगाड्यांचं वाक्य घालायचंच असेल तर 'त्यांच्या रेजिमेंटने' हे शब्द लिहा. आणि छापायला देण्याआधी फोटो एकदा कुणाला तरी दाखवून घ्या.